दूरच्या बातमीला पत्ता हवा

ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यात मनौस नावाचं मोठं शहर आहे. जानेवारी २०२१ च्या मध्याला तिथल्या रुग्णालयांतला ऑक्सिजन संपला. नातेवाइकांनी मिळेल तिथून सिलिंडर आणले. ज्यांना मिळाले नाहीत त्यांची माणसं खाटेवर गुदमरून गेली. ही बातमी जगभर गेली. तीन महिन्यांनी तेच आपल्याकडे घडलं. एप्रिलमध्ये दिल्लीत सिलिंडरसाठी रांगा लागल्या. २१ तारखेला नाशिकमधल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडला आणि २२ हून अधिक रुग्ण दगावले.

त्या एप्रिलमध्ये नंदुरबारकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. कुपोषणाच्या आणि मागासपणाच्या यादीत ज्याचं नाव कायम वर असतं, त्या नंदुरबारकडे. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी सप्टेंबर २०२० मध्येच हवेतून ऑक्सिजन काढणारा पहिला प्लांट बसवून घेतला होता, मिनिटाला ६०० लिटरचा. पुढे आणखी प्लांट आले. पहिला प्लांट बसला तेव्हा जिल्ह्यात रोजचे नवे रुग्ण दोनशेच्याही आत होते, त्यामुळे एवढा खर्च कशाला, असं कुणी विचारलं असतं तरी चुकलं नसतं. भारूड यांनी नंतर मुलाखतींमधून दिलेलं कारण अगदी साधं आहे. अमेरिकेत आणि ब्राझीलमध्ये रुग्ण पुन्हा वाढताना दिसत होते. तसं इथे झालं तर तयारी असावी. खानदेशात परदेशी बातमीचा याहून चांगला उपयोग कुणी केल्याचं मला माहीत नाही.

भारूड धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे. त्याच तालुक्यात राईनपाडा आहे. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पोटासाठी गावोगाव फिरणारी सोलापूरकडची माणसं होती ती. त्या काही महिन्यांत मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज देशभर मोबाईलवर फिरत होते. त्यातली दोन दृश्यं परदेशातून आलेली होती. एक कराचीचं. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून पळतात. मुळात ती मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारी पाटी दाखवतात. फिरवणाऱ्यांनी तो शेवटच कापून टाकला. दुसरं दृश्य सीरियाचं. शेजारी शेजारी ठेवलेले लहान मुलांचे मृतदेह. आपल्याकडे ते अवयव काढून फेकलेली मुलं म्हणून फिरलं. प्रत्यक्षात ती २१ ऑगस्ट २०१३ ला दमास्कसजवळच्या घौता भागात विषारी वायूच्या हल्ल्यात मेलेली मुलं होती. तो वायू सारीन होता, हे संयुक्त राष्ट्रांच्या तपासणी पथकाने पुढच्याच महिन्यात सांगितलं होतं.

घौतामधल्या त्या मुलांचा विचार मनातून जात नाही. आधी त्यांना झोपेत मारलं गेलं. मग पाच वर्षांनी, ज्या देशाशी त्यांचा काही संबंध नव्हता तिथे, त्यांचं मरण दुसऱ्याच निरपराध माणसांविरुद्ध वापरलं गेलं. ते दृश्य पाहणाऱ्या लाखो लोकांना ती मुलं कुठली, कधी गेली, कशाने गेली, यातलं काहीच कळलं नाही. बातमीवरचा पत्ता पुसला की ती कुणाच्याही दारात टाकता येते.

एकाच तालुक्याशी नातं असलेल्या या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवतो आहे. परदेशात काय चाललंय ते कळून घ्यावं की नाही, हा प्रश्न आता आपल्या हातात राहिलेला नाही. बातमी येणारच. धडगावच्या डोंगरातही येणार, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतही येणार. ठिकाण, तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव घेऊन आली तर तिच्यातून ऑक्सिजनचा प्लांट उभा राहू शकतो. यातलं सगळं गळून आली तर माणसं मरतात. म्हणून माझं म्हणणं असं की दूरदेशीच्या युद्धाच्या, सुरक्षेच्या आणि साथरोगांच्या बातम्या नीट समजून घेणं हे जिल्ह्याचं काम आहे. पिण्याचं पाणी आणि रस्ते जसे कुणीतरी बघायचे असतात, तसंच हेही कुणीतरी बघायला हवं. आज ते कुणीच बघत नाही.

यावर पारावर बसलेला कुणीही शेतकरी विचारेल, “आपले काय करनं शे, भाऊ?” प्रश्न रास्त आहे. कापसाला भाव नाही, विहिरीला पाणी नाही, पोराला नोकरी नाही; तिकडच्या लढाया घेऊन काय करायचं? पण हा प्रश्न खानदेशाने विचारावा याचं मला नवल वाटतं, कारण दूरच्या लढाईने जेवढं खानदेशाला घडवलं आणि बुडवलं तेवढं फार थोड्या प्रदेशांना केलं असेल.

१८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण अशी यादवी सुरू झाली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला. त्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन-चतुर्थांशाहून जास्त तिथूनच जायचा. इंग्रज व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली. त्याच वर्षांत रेल्वेचा मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा खानदेशातून पुढे सरकत होता. कापसाचे भाव कुणी कधी पाहिले नव्हते एवढे चढले. जमिनी कापसाखाली गेल्या, सावकारांनी हात सैल सोडले, मुंबईत रोज नव्या कंपन्या निघाल्या. समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर तर वेड्यासारखा सट्टा झाला. मग ९ एप्रिल १८६५ ला व्हर्जिनियात दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली. बातमी मुंबईत पोहोचताच भाव कोसळायला लागले आणि १ जुलैला वायद्यांची मुदत भरली तेव्हा बाजार बुडाला. बँका बुडाल्या, पेढ्या बुडाल्या. खेड्यातला शेतकरी मात्र पुढची कित्येक वर्षं चढ्या भावाच्या भरवशावर काढलेलं कर्ज फेडत बसला.

त्या शेतकऱ्याला भाव कळत होता, भावामागचं युद्ध कळत नव्हतं. हा भाव युद्ध चालू आहे तोवरच टिकणार, हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं. सावकाराला अंदाज असेल, मुंबईच्या दलालाला तर नक्कीच होता. ज्याच्याकडे बातमी लवकर आणि पूर्ण येते, त्याचं नुकसान ज्याच्याकडे उशिरा आणि अर्धी येते तो भरून देतो. दीडशे वर्षांत यात फारसा फरक पडलेला नाही.

आता केळीचं बघा. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात घड भरायचा तर पोटॅश लागतं, आणि ते जवळजवळ सगळं बाहेरून येतं. बेलारूस आणि रशिया हे त्याचे मोठे उत्पादक. १ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियाने बेलारूसच्या पोटॅशची रेल्वे वाहतूक बंद केली. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. त्या खरिपात पोटॅशची ५० किलोची गोणी १,७०० रुपयांवर गेली होती. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. मृत समुद्राच्या काठचं पोटॅश आपल्याकडे येण्याची सरळ वाट तीच. युरोपकडे जाणारी-येणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. आपल्या केळीचं बाहेरचं गिऱ्हाईक इराण, इराक आणि आखाती देशांत आहे. युरिया ज्या गॅसपासून बनतो त्यातला मोठा वाटा कतारहून होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. म्हणजे घडाला लागणारं खत आणि घड विकण्याचा बाजार, दोन्ही त्याच दोन अरुंद समुद्री वाटांवर अवलंबून आहे. दुकानात खत नसलं की आपण दुकानदाराशी भांडतो. कधी कधी त्याचा दोषही असतो, खताबरोबर नको ती उत्पादनं गळ्यात मारणाऱ्या लिंकिंगचा त्रास कुणाला माहीत नाही? पण लागवडीआधी दोन महिने ही बातमी हातात असती तर निदान माती तपासून, लागवडीच्या वेळच्या खताचा, म्हणजे बेसल डोसचा, हिशोब बदलून, गरजेपुरती गोणी आधी घेऊन ठेवता आली असती.

युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर आपली पोरं तिथे अडकली, तेव्हा खार्कीव्ह आणि सुमी ही नावं घराघरांत पाठ झाली. त्याआधी कुणी घेतली होती? त्या हल्ल्याआधी कित्येक महिने सीमेवर फौजा जमत असल्याच्या बातम्या रोज येत होत्या. मुलगी किंवा मुलगा डॉक्टर व्हावा म्हणून शेत गहाण टाकून पैसा उभा करणाऱ्या बापाला, फी कुठे स्वस्त एवढंच सांगणारा एजंट भेटतो. तो देश कुणाशी वैर धरून बसलाय, हे सांगणारं कुणी भेटत नाही.

मग टीव्ही आहे ना, असं म्हणता येईल. टीव्हीवर दूरच्या लढाया रोज संध्याकाळी दाखवतात, सायरनच्या आवाजासकट. पण तिथे क्षेपणास्त्राचा पल्ला कळतो, त्याखाली राहणाऱ्यांचं काय झालं ते कळत नाही. कोण जिंकणार यावर तासभर आरडाओरडा होतो आणि बघणारा माणूस कुठल्यातरी एका बाजूचा होऊन उठतो, जणू सामना चालू आहे. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ पासून युद्ध पेटलंय, लाखो लोक घर सोडून पळालेत, पाठोपाठ कॉलरा पसरला. आपल्या पडद्यावर त्याला जागा मिळाली नाही, कारण त्यात बाजू घेऊन ओरडण्यासारखं आपल्याला काही सापडलं नाही.

युद्ध आणि रोगराई एकमेकांचा हात धरून चालतात, ही गोष्ट त्या आरड्याओरड्यात हरवते. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ सैनिकांच्या जहाजांबरोबर मुंबई बंदरात उतरली आणि रेल्वेने देशभर गेली. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं मेली. युद्धात उतरलेल्या देशांनी साथीच्या बातम्या दाबल्या, स्पेन तटस्थ होता म्हणून तिथल्या वर्तमानपत्रांनी छापल्या, आणि सगळा दोष मात्र स्पेनच्या नावावर गेला. आपल्या काळातलं उदाहरण पोलिओचं. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा पक्का करण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये लसीकरणाची खोटी मोहीम चालवली. लस हिपॅटायटिस बीची होती. ते उघडकीला आल्यावर लसीवरचा विश्वास उडाला. डिसेंबर २०१२ मध्ये कराची आणि पेशावर भागात पोलिओचे डोस पाजणाऱ्या कार्यकर्त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, त्यात बायका जास्त होत्या. पोलिओ तिथे अजून आहे. गाझात २५ वर्षं पोलिओचा रुग्ण नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाला लकवा झाला. मग सप्टेंबरमध्ये लढाई काही तास थांबवून साडेपाच लाखांहून जास्त मुलांना डोस पाजले.

आपल्याकडचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. त्यानंतर जन्मलेल्या पिढीने पोलिओने वाळलेला पाय जवळून पाहिलेला नाही, म्हणून हे लांबचं वाटतं. पण २०२१ मध्ये सातपुड्याच्या पाड्यांवर कोविडची लस घेऊन गेलेल्या आशाताईंना विचारा. लस घेतली की माणूस मरतो, या अफवेशी त्या एकट्या भांडल्या. पेशावरची ती कार्यकर्ती आणि मोलगीची आशाताई एकच काम करत होत्या, एकच भीती समोर घेऊन. एकीला ती भीती कुठून आली हे जगाला कळलं. दुसरीची कुणी विचारपूसही केली नाही. मला गाझातल्या बाळाची बातमी वाचावीशी वाटते ती आधी त्या बाळासाठी. तिथून पोलिओ इकडे येईल की काय हा विचार नंतरचा, आणि तोही करायलाच हवा.

खानदेश स्वतःही एकदा अशीच दूरची बातमी झाला होता, तेव्हाची आठवण इथे उपयोगी पडते. फेब्रुवारी २००६. जानेवारीत तुर्कस्तानात बर्ड फ्लूने मुलं दगावली होती, फेब्रुवारीच्या सुरुवातीला नायजेरियात कोंबड्यांमध्ये तो सापडला होता. १८ फेब्रुवारीला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचं नाव आलं. भारतात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडल्याची ती पहिली नोंद. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, देशभर चिकन आणि अंड्यांचा बाजार बसला, इतर देशांनी भारतातून कोंबडी घेणं बंद केलं. माणसांमध्ये लागण निघाली नाही. पण ज्यांनी कर्ज काढून शेड उभारल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांसमोर सगळं गेलं. परदेशी वाचणाऱ्यांना नवापूर म्हणजे नकाशावरचा लाल ठिपका होता. तिथे माणसं राहतात, त्यांची पोरं शाळेत जातात, हे त्या ठिपक्यात दिसत नव्हतं. २०२१ मध्ये नवापूरवर तीच वेळ पुन्हा आली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ सापडला, तेव्हा ही बातमी नवापूर तालुक्यातल्या प्रत्येक पोल्ट्रीवाल्यापर्यंत आणि दूध संकलन केंद्रापर्यंत मराठीत पोहोचायला हवी होती.

त्याआधी १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. उधना, लिंबायत भागात आपले हजारो लोक लूम आणि साडीच्या कामावर. ते उधना-जळगाव लाईनच्या गाड्या पकडून गावाकडे पळाले. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले, पण भीती त्याच्या कितीतरी पट पसरली. आखाती देशांनी भारतातली विमानं थांबवली, औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपलं. जगाने आपल्याबद्दल अर्धवट बातमी वाचली की काय होतं, ते आपण भोगलंय. मग दुसऱ्यांबद्दलची अर्धवट बातमी आपण तरी पुढे का ढकलावी?

काहीजण म्हणतील, एवढी दुःखं रोज वाचून माणूस खचतो, त्यापेक्षा न वाचलेलं बरं. हे मला खोटं वाटत नाही. पण खचवतो तो दिवसभर मोबाईलवर येणारा तुकड्यांचा मारा. आठवड्यातून एकदा, नीट जुळवलेली, ठिकाण-तारीख असलेली माहिती वाचून कुणी खचत नाही. उलट काय करता येईल हे सुचतं.

त्यासाठी वेगळं काही शोधायचीही गरज नाही. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवत होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत. पोरांनी सकाळी उठून वाचावं म्हणून रात्री जागून लिहीत. आज जळगावच्या विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, तिन्ही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालयं गावोगाव आहेत. केंद्राच्या रोग सर्वेक्षण कार्यक्रमात तर बातम्या चाळून साथीचा सुगावा घेण्यासाठी वेगळा कक्षच आहे. सरकारलाही बातमीचं मोल कळलेलं आहे, फक्त ते दिल्लीत थांबलंय. पत्रकारितेच्या मुलांनी आठवड्याला एक पान काढावं. बातमी कुठली, कुठल्या तारखेची, कुणी सांगितली, आणि आपल्या तालुक्यात तिचा संबंध कशाशी, एवढं त्यात असावं. मोबाईलवर फिरणाऱ्या एका खोट्या दृश्याचा खरा पत्ता प्रत्येक अंकात शोधून द्यावा. वाचनालयाच्या फळ्यावर ते लागावं, बाजार समितीत लागावं, प्राथमिक आरोग्य केंद्रात लागावं. धडगाव, अक्कलकुवा भागात ते पावरी आणि भिलीत, साक्री-शिंदखेड्याकडे अहिराणीत, आठवडे बाजारात वाचून दाखवावं; राईनपाड्यात त्या रविवारी बाजारच भरलेला होता.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हा नियोजन समित्यांकडे यासाठी लागेल एवढी रक्कम नक्कीच आहे. ती मागायला विद्यापीठ, वाचनालयं आणि जिल्हा आरोग्य अधिकारी एकत्र जाणार का, हे या वर्षीचा आराखडा मंजूर होण्याआधी ठरायला हवं.